चारचौघांसारखा

भिवंडीत साठी ओलांडलेल्या कुणालाही 1984 बद्दल विचारून पाहा. धामणकर नाक्यावर कटिंग चहा घेणाऱ्याला विचारा, नारपोलीतल्या कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या जुन्या मुकादमाला विचारा, पद्मानगरात विचारा, निजामपुऱ्यात विचारा. हिंदूला विचारा, मुसलमानाला विचारा. आधी थोडा वेळ काहीच नाही. मग हात नकारार्थी हलतो आणि उत्तर येतं : "आपले नव्हते हो. बाहेरचे होते."

हे उत्तर मी दोन्ही बाजूंकडून इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याची गंमतही वाटत नाही. भिवंडीत बाहेरचा म्हणजे नेमका कोण? आझमगड, मऊ, बनारसकडचे विणकर इथे पिढ्यांपूर्वी आले. पद्मशाली तेलंगणातून आले. कोकणी मुसलमान शतकानुशतकं इथले. नारपोली, कामतघर, टेमघर ही मुळात आगरी गावं. त्यांच्या शेतांवर आणि मिठागरांशेजारच्या जमिनींवर लूम उभे राहिले आणि गाव शहराच्या पोटात गेलं. भिशीच्या खानावळीत एका पंगतीला जेवणारे चार कामगार चार जिल्ह्यांचे नाही, चार राज्यांचे असतात. बाहेरचा शोधायचा तर इथे अर्धं शहर उठवावं लागेल. आणि जो खरोखर बाहेरचा असतो, त्याला कोणतं घर कुणाचं, कोणत्या शेडमधले माग कुणाचे, हे ठाऊक नसतं. आगीने गल्लीतली दोन दारं सोडून तिसरं निवडलं असेल, तर तिला पत्ता कुणीतरी सांगितलेला असतो.

दोन तारखा आधी नोंदवून ठेवू. 7 मे 1970 : शिवजयंतीची मिरवणूक, आसपासच्या खेड्यांतून लाठ्या घेऊन आलेले हजारो लोक, निजामपुऱ्याचा रस्ता, दगड, मग आग. तिथून लोण जळगाव आणि महाडपर्यंत गेलं. तिन्ही ठिकाणी मिळून शंभराहून अधिक माणसं मेली. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती डी. पी. मादन आयोगाचा अहवाल आजही वाचवत नाही, इतका तपशिलाने लिहिलेला आहे. दुसरी तारीख मे 1984 ची. त्या वर्षी शिवजयंतीची मिरवणूक शांततेत पार पडली होती. पंधरवड्याने झेंड्यांच्या वादातून पेटलं. मुंबई, ठाणे, भिवंडी मिळून अडीचशेहून अधिक बळी गेले. 18 मे रोजी भिवंडीतल्या अन्सारी बागेत आसऱ्याला जमलेल्या माणसांवर जमाव चालून गेला. दोन डझनांहून अधिक लोक तिथे मारले गेले, त्यांत बायका-मुलं होती. मदत वेळेवर पोहोचली नाही.

हे कुणी केलं, या प्रश्नाला आपल्या भाषेने एक सोयीची पळवाट काढून दिली आहे. दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र उघडा. 'दगडफेक झाली.' 'दुकानं पेटली.' 'मिरवणुकीला गालबोट लागलं.' वाक्याला कर्ता नाही. पाऊस झाला, लाइट गेली, तशी दगडफेक झाली. कर्ता द्यायचाच झाला तर 'जमाव' किंवा 'अज्ञात इसम', आणि फारच राग आला तर 'समाजकंटक'. काय सुरेख शब्द आहे! काटा हा नेहमी बाहेरून रुततो. पायाचा भाग कधीच नसतो. गालबोट तर त्याहून कमाल. लहान लेकराला दृष्ट लागू नये म्हणून आई काजळाचा ठिपका लावते, तो शब्द आपण जळलेल्या माणसांसाठी वापरतो आणि आपल्याला काही खटकतही नाही.

मला वाटतं, उत्तर आपल्याच भाषेतल्या दुसऱ्या एका शब्दात दडलेलं आहे. साध्या, सामान्य माणसाला आपण काय म्हणतो? चारचौघांसारखा. त्याचं रूप, शिक्षण, बुद्धी, सगळं चारचौघांसारखं. आणि तो नीट का वागतो? चारचौघांत शोभत नाही म्हणून. चारचौघे काय म्हणतील म्हणून. लहानपणापासून आपल्याला शिकवलेली नीती बहुतांशी हीच आहे. चोरी करू नये, कारण लोक काय म्हणतील. बापाला उलट बोलू नये, कारण चारचौघांत नाव जाईल. पापपुण्य, देवाचा धाक, आतला आवाज वगैरे असतंच. पण रोजच्या व्यवहाराला धरून ठेवणारा खिळा चारचौघांचाच. 'पाचामुखी परमेश्वर' ही म्हण उगाच झाली नाही. चौघांऐवजी पाच जमले की तिथे देवच बोलू लागतो.

ही व्यवस्था वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. गल्लीतली दारू, घरातली मारहाण, उधारी बुडवणं, हे सगळं तिनेच कितीतरी आवरलेलं आहे. नारपोलीसारख्या वस्तीत, जिथे एका खोलीत दोन पाळ्यांचे कामगार आळीपाळीने झोपतात, तिथे पोलिसापेक्षा चारचौघांचा पहारा मोठा. प्रश्न फक्त एवढाच आहे की ज्या दिवशी त्या चारचौघांच्याच हातात दगड असतो, त्या दिवशी चारचौघांसारखा माणूस काय करतो?

तो चारचौघांसारखंच वागतो. त्या दिवशी त्याची नीती सुटलेली नसते. तीच नीती त्याला घराबाहेर ओढते. मंडळाची पोरं निघाली, मी घरात बसलो तर काय तोंड दाखवू? आपल्यातल्या एकाला मारलं म्हणतात, मी गेलो नाही तर उद्या माझ्या दारात कोण उभा राहील? हे प्रश्न राक्षसाला पडत नाहीत. वर्गणी वेळेवर भरणाऱ्या, लग्नाकार्यात पाण्याचं पिंप उचलणाऱ्या, मैताला खांदा द्यायला सगळ्यांत आधी पोहोचणाऱ्या माणसाला पडतात. दंगलीच्या गर्दीत गुंड असतातच, लुटारू असतातच. पण नुसत्या गुंडांनी शहर जळत नाही. तेवढे गुंड कोणत्याच शहरात नसतात. उरलेली संख्या चांगल्या शेजाऱ्यांनी भरून काढलेली असते.

हिंदू-मुसलमान असा विषय निघाला की वाचक लगेच आपापली बाजू धरून बसतो, म्हणून एक वेगळं उदाहरण घेतो. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींचा खून झाला. मारेकरी ब्राह्मण आहे हे कळल्यावर कोल्हापूर, सांगली, सातारा भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' त्याच दिवसांवर आहे. कादंबरीला ते नाव शोभतं. आपण मात्र इतिहासालाही तेच नाव देऊन मोकळे झालो. वावटळ येते आणि जाते, तिच्यावर खटला भरत नाहीत.

जाळणारे कोण होते? ज्यांनी त्या वाड्यांत धान्य पोहोचवलं, ज्यांच्या पोरांना त्याच मास्तरने बाराखडी शिकवली, तेही त्यांत होते. त्यांच्या मनात जुने अपमान होते, जमिनीचे आणि सावकारीचे वाद होते. ते खोटे नव्हते, आणि या गोष्टी विसरून 1948 समजणारही नाही. पण तो राग 29 जानेवारीलाही होताच. 29 तारखेला त्या रागाने रॉकेलचा डबा उचलला नव्हता. 31 तारखेला उचलला, कारण 31 तारखेला चारचौघे बाहेर पडले होते आणि त्यांच्यापाशी कारण होतं, तेही पवित्र कारण : एका महात्म्याचा शोक. अहिंसेच्या उपासकाचं सुतक घरं पेटवून पाळलं गेलं. यातली विसंगती तेव्हा कुणाला दिसली नसेल असं नाही. ज्याला दिसली त्याने ती मोठ्याने बोलून दाखवली नाही.

क्रिस्टोफर ब्राउनिंग या अमेरिकी इतिहासकाराने 1992 साली जर्मनीतल्या एका राखीव पोलीस तुकडीवर पुस्तक लिहिलं. तुकडी क्रमांक 101, हॅम्बुर्ग शहरातली, सुमारे 500 माणसं. त्यांत गोदी कामगार, ट्रकचालक, कारकून, विक्रेते होते. बहुतेक मध्यमवयीन, घरी बायकामुलं असलेले, हिटलर येण्याआधीच वाढून शहाणे झालेले. 13 जुलै 1942 च्या पहाटे त्यांना पोलंडमधल्या युझेफूफ गावात नेण्यात आलं. तिथल्या ज्यूंना, बायकामुलांसकट, गोळ्या घालायच्या होत्या. त्यांच्या मेजरला स्वतःलाच ते झेपत नव्हतं, रडू आवरत नव्हतं. त्याने सांगितलं, ज्या वयस्क माणसांना हे जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावं. लक्षात घ्या, हुकूम देणाऱ्यानेच दार उघडं ठेवलं होतं. पाचशेंतून सुरुवातीला जेमतेम डझनभर बाजूला झाले. संध्याकाळपर्यंत सुमारे 1,500 माणसं मारली गेली.

बाकीचे बाजूला का झाले नाहीत? ज्यूद्वेष होता, त्याचा प्रचार वर्षानुवर्षं कानांवर आदळत होता, युद्ध होतं. हे सगळं आहेच. पण ब्राउनिंगला त्यांच्या जबान्यांतून जे कारण पुन्हा पुन्हा दिसलं ते ऐकून आपल्याकडचा कुठल्याही मंडळाचा कार्यकर्ता मान डोलावेल. बाजूला होणं म्हणजे घाण काम सोबत्यांवर टाकून आपण हात झटकणं. तो भेकडपणा. तुकडीत चारचौघांत पुन्हा कसं बसायचं? म्हणजे माणसं मारली ती मैत्रीला जागण्यासाठी. वाचताना मला युझेफूफपेक्षा आमच्या गल्लीतला तो ठेवणीतला टोमणा आठवत राहिला : "काय रे, बांगड्या भरल्यास काय?"

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमचा येल विद्यापीठातला प्रयोग बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. समोरच्याने उत्तर चुकवलं की विजेचा धक्का द्यायचा, चुकांबरोबर व्होल्ट वाढवायचे. धक्का खोटा होता, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. शेजारी पांढरपेशा प्रयोगकर्ता, 'चालू ठेवा' म्हणणारा. 40 पैकी 26 जण शेवटच्या, 450 व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. एवढं सांगून लोक थांबतात आणि माणसाच्या जातीबद्दल उसासा टाकतात. मला त्याच प्रयोगाची दुसरी आवृत्ती जास्त महत्त्वाची वाटते, जी फारशी सांगितली जात नाही. तीत धक्के देणाऱ्याच्या बाजूला आणखी दोन साथीदार बसवले होते, आणि ठरल्याप्रमाणे ते दोघे मध्येच म्हणाले, आम्ही हे करणार नाही. आता 40 पैकी शेवटपर्यंत गेले फक्त चार. माणसं त्याच शहरातली, खोली तीच, बटणं तीच, 'चालू ठेवा' म्हणणाराही तसाच. बदलले ते फक्त चारचौघे.

(स्टॅनफर्डचा तुरुंगाचा प्रयोग मी इथे मुद्दाम आणत नाही. तिथल्या पहारेकऱ्यांना कसं वागायचं ते आधीच सुचवलं होतं, असं पुढे उघड झालं. वाईटपणा आपोआप उगवतो याचा पुरावा म्हणून जो दाखवला जात होता, त्याला खतपाणी बाहेरून घातलेलं होतं.)

आता माझ्याबद्दल. 2018 च्या जूनमध्ये माझ्या मोबाइलवर एक निरोप आला. मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात फिरते आहे, वेश भिकाऱ्यांचा, मुलांना एकटं सोडू नका, सगळ्यांना कळवा. मी पेशाने शब्दांत काम करणारा; कर्त्याशिवायचं वाक्य मला लांबून ओळखू येतं. या निरोपात कोण सांगतंय, कुठे घडलं, कधी, यांतलं काहीच नव्हतं. तरीही मी तो आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, वर दोन शब्द जोडले : 'काळजी घ्या.' माझ्या मनात तेव्हा कुणाबद्दलही द्वेष नव्हता. भाचरं लहान होती. आधीच तिघांनी तो टाकला होता, आपण गप्प राहिलो तर आपल्याला पोरांची काळजी नाही असं दिसेल, असंही कुठेतरी वाटलं. उत्तरादाखल हात जोडल्याची सात-आठ चित्रं आली. मला बरं वाटलं.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाच्या आदिवासी गावात आठवडे बाजार होता. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे होते. भटकंती हाच त्यांचा पिढीजात व्यवसाय. मुलं पळवणारे ते हेच, असं कुणीतरी म्हणालं. मारहाण सुरू झाली. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथेच, सरकारी भिंतींच्या आत, पाचही जणांना ठेचून मारलं. कुणीतरी मोबाइलवर चित्रणही करत होतं.

राईनपाड्याच्या लोकांनी माझा निरोप वाचलेला नसणार. तेवढ्यावर मी स्वतःला सोडूनही देऊ शकतो. पण जी साखळी तिथपर्यंत पोहोचली, ती माझ्यासारख्याच काळजीवाहू मामा-मावश्यांच्या बोटांनी विणलेली होती. त्या गर्दीतल्या बहुतेकांना आपण काही वाईट करतो आहोत असं वाटत नव्हतं. ते पोरं वाचवत होते. मला हीच गोष्ट सर्वांत भयंकर वाटते. वाईट कृत्य करायला वाईट हेतू लागत नाही. माया पुरते, फक्त तिच्या सोबत चौघांची खात्री हवी.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो बरोबर आहे. चारचौघे, चारचौघे म्हणत मी खऱ्या गुन्हेगारांना सोडून देतो आहे का? चारचौघे काही आपोआप जमत नाहीत. कुणीतरी खुर्च्या मांडतो. 1970 च्या बाबतीत मादन आयोगाने मिरवणुकीचा मार्ग, घोषणा, महिनोन् महिने चाललेला प्रचार आणि त्यामागच्या संघटना यांचा हिशेब नावानिशी मांडला. दंगलीनंतर तपासासाठी नेमलेल्या पोलिसांच्या खास पथकाने एकतर्फी तपास केला, यावरही आयोगाने कडक ताशेरे ओढले. म्हणजे गर्दीच्या आधी कारखाना असतो आणि गर्दीनंतर कागद रंगवणारेही असतात. शिवाय भिवंडी हे धंद्याचं गाव आहे; कुणाचे माग जळाले की कुणाची स्पर्धा संपते, कुणाची वस्ती हलली की कुणाला जागा मोकळी मिळते. हे मान्यच. पण खुर्च्या मांडणाऱ्याला चौथा हवाच असतो. तो येऊन बसला नाही, तर नुसत्या भाषणाने काडी पेटत नाही. म्हणूनच मला खुर्च्या मांडणाऱ्यापेक्षा त्या चौथ्या माणसात अधिक रस आहे. मांडणारा बदलेल अशी मला आशा नाही.

चौथा बदलू शकतो, याचा पुरावा मात्र याच भिवंडीत आहे.

1988 मध्ये सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. दंगलीचं गाव म्हटलं की पोलीस खात्याचा ठराविक उपाय असतो : जादा कुमक, संचलन, संचारबंदीची तालीम. खोपड्यांनी वेगळं काही केलं. शहरात सुमारे 70 मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची माणसं निम्मीनिम्मी. पुढाऱ्यांना त्यांनी शक्यतो लांब ठेवलं. लूमवाला, रिक्षावाला, पानटपरीवाला, शाळामास्तर अशी माणसं घेतली आणि हवालदार-फौजदारांना त्या त्या मोहल्ल्याशी बांधून दिलं. बैठकांत सर्वधर्मसमभावावर प्रवचनं होत नसत. विषय असायचे गटारीचे, नळाचे, कुणाच्या पोराने कुणाच्या पोराला मारलं त्याचे. कंटाळवाणे विषय. पण महिन्यामागून महिना त्या कंटाळ्यात बसल्यामुळे एक गोष्ट घडली. अफवा उठली की ती खरी आहे का हे विचारायला पलीकडच्या गल्लीत एक माणूस होता, त्याचं नाव माहीत होतं, त्याच्याकडे चहा झालेला होता.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई डिसेंबरात जळाली, जानेवारीत पुन्हा जळाली. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने मृतांचा आकडा 900 दिला. भिवंडीत दंगल झाली नाही. ज्या शहराचं नाव घेतलं की लोक कानाला हात लावत, ते शहर त्या दोन्ही महिन्यांत शांत राहिलं. खोपड्यांनी पुढे त्यावर पुस्तक लिहिलं, 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?'. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनीही दंगलींवरच्या आपल्या अभ्यासात भिवंडीची दखल घेतली.

आठच वर्षांचं अंतर आहे. 1984 मध्ये तिशीत असलेला माणूस 1992 मध्ये चाळिशीच्या आसपास होता. तोच कारखाना, तीच मशीद, तेच देऊळ, तोच राग. शहराने आठ वर्षांत साधुत्व पत्करलं असं कुणी म्हणणार नाही. भिवंडीच्या माणसाच्या स्वभावात काही फरक पडला नव्हता. त्याच्या चारचौघांत आता पलीकडचे दोघे होते.

ही जडीबुटी नाही. समित्या बदलत्या अधिकाऱ्यांबरोबर ढिल्या होत गेल्या. जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला, पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले आणि रात्री जमावाने दोन पोलीस शिपायांना ठार करून जाळलं. ज्या वर्दीला कधीकाळी मोहल्ल्यात नावाने हाक मारत, तिला तोंडच उरलं नव्हतं. ओळख ही एकदा करून ठेवायची गोष्ट नाही, रोज चालवायची गोष्ट आहे. माग बंद पडला की गंज चढायला पावसाळा पुरतो.

मग दोष कुणाचा? सगळं चारचौघांवर टाकलं, तर हा लेखही 'बाहेरचे होते' याचाच सुशिक्षित अवतार होईल. तसं नाही. युझेफूफला डझनभर माणसं बाजूला झाली, त्यांना गोळी घातली गेली नाही, तुरुंगात टाकलं नाही. टोमणे खावे लागले. म्हणजे बाजूला होणं शक्य होतं, आणि स्वस्त होतं. बाकीच्यांवरचा आरोप तिथेच सिद्ध होतो. भिवंडीतही दोन्ही दंगलींत, दोन्हीकडे, शेजाऱ्याला आपल्या घरात लपवणारी माणसं होती. गंमत पाहा, लपवणाऱ्याचं नाव आजही गल्ली सांगते, त्याच्या नातवापर्यंत सांगते. पेटवणाऱ्याचं नाव मात्र कुणालाच आठवत नाही.

आणि हे सगळं दंगलीपुरतं असतं तरी बरं होतं. 21 सप्टेंबर 2020 च्या पहाटे, साडेतीनच्या पुढे, धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांसह खाली बसली. जवळपास 40 जण गेले, त्यांत लहान मुलं बरीच होती. इमारत जुनी, धोकादायक. नोटीस दिली होती, असं नंतर सांगण्यात आलं. कायद्याने दोषी कोण ते न्यायालय ठरवील. मला त्या नोटिशीच्या आणि त्या पहाटेच्या मधला काळ दिसतो. त्यात द्वेष कुठेच नाही. भाडं घेणारा घेत राहिला, कारण सगळेच घेतात. कागद पुढे सरकवणाऱ्याने सरकवला, कारण टेबलाची रीतच तशी. राहणारे राहिले, कारण शेजारचे राहतात, आणि लूमजवळ त्या भाड्यात दुसरी खोली कुठे मिळणार. चारचौघांसारखं वागून माणूस दगड न उचलताही मारू शकतो. पथकं येण्याआधी ढिगाऱ्यातून माणसं ओढून काढली ती आजूबाजूच्या लोकांनी, हातांनी. तेही चारचौघेच. गुन्हा नारपोली पोलीस ठाण्यात नोंदवला गेला.

राईनपाड्याच्या खटल्याचा निकाल 2024 मध्ये लागला. गर्दी शेकड्यांनी होती. जन्मठेप सात जणांना झाली. बाकीचे कुठे आहेत? बाजाराला जातात, लेकीची लग्नं ठरवतात, चारचौघांसारखे असतात.

नारपोलीत आणि आसपास राहणाऱ्या वाचकांना एक विनंती आहे. सणाच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिथे बहुधा ठरलेलेच चेहरे, ठरलेल्याच शाली, शेवटी एक फोटो. एकदा तरी तिथे जा. पुढच्या रांगेत बसा, गटारीचा विषय काढा, आणि परत निघताना पलीकडच्या गल्लीतल्या एका माणसाचा नंबर घेऊन या. पुढच्या वेळी ग्रुपवर 'सगळ्यांना कळवा' असा निरोप आला, तर त्याखाली हात जोडू नका. एकच शब्द लिहा : 'कशावरून?' 2018 मध्ये आमच्या ग्रुपवर तो कुणीच लिहिला नाही. मीही नाही.